आमच्या सासऱ्यांचा जलप्रलय

पाण्यावर इतका जीव असलेला माणूस उभ्या नागपुरात दुसरा झाला नसेल, हे मी आमच्या सासऱ्यांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. आणि गंमत अशी की त्यांना पोहता येत नव्हतं. जुम्मा तलावाच्या पायऱ्यांवर ते पहिल्या पायरीखाली कधी उतरले नाहीत. आंघोळसुद्धा ते एका बादलीत, नाक धरून, घाईघाईने उरकत. पण त्यांचा जीव ज्या पाण्यावर होता ते नळाचं, विहिरीचं किंवा तलावाचं पाणी नव्हेच. ते मनूच्या वेळचं पाणी, सगळी पृथ्वी एका दमात बुडवून टाकणारं. असा जलप्रलय खरोखर झाला, तो नागपुरावरूनही गेला, आणि त्याचा पुरावा नागपूरच्याच दगडांत अजून आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणणं हा शब्द फार मवाळ झाला. महाल या जुन्या वस्तीत त्यांचं लुगड्यांचं दुकान होतं, ते त्यांनी पोटासाठी चालवलं. प्रलय चालवला तो जिवासाठी. दुकानाला निदान दुपारी एक ते तीन सुट्टी असे.

त्यांची माझी पहिली भेट झाली ती मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. देश स्वतंत्र होऊन दोनचार वर्षं झाली होती, मला सरकारी कचेरीत कारकुनी लागली होती, आणि उमरेडहून आमचे वडील, काका आणि मी असे तिघे त्यांच्या बैठकीत आखडून बसलो होतो. आतून परात आली. आम्हाला वाटलं, पोहे आले. परातीत दगड होते. एकेक दगड लुगड्याच्या चिंधीत बांधलेला. त्यांनी त्यातली एक हिरव्या काठाची चिंधी सोडली, आतला पांढुरका दगड माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "जवाई व्हायचं मंग पाहू. आधी सांगा, हे काय आहे?" दगडात नखाएवढा शंख रुतलेला होता. मी म्हटलं, "शंख." "शंख कुठं राह्यते?" "पाण्यात." "आन् हा कुठं सापडला? टाकळीच्या टेकडीत, दगडाच्या पोटात. मंग टेकडीवर पाणी कुठून आलं?" माझं सगळं लक्ष आतल्या दाराच्या पडद्याकडे होतं, तिथे पडद्याखाली दोन पावलं दिसत होती. मी म्हटलं, "आलं असेल कुठून तरी. मोठं पाणी असेल." त्यांनी मांडीवर थाप मारली आणि आमच्या वडिलांकडे वळून जाहीर केलं, "पसंत." तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या, "अवो, त्यायले आधी पोरीले तं पाहू द्या." अशा रीतीने मी सुमनला पाहण्याआधी तिच्या बापाला पसंत पडलो, आणि ते एका शंखामुळे.

लग्नानंतर मी त्यांना मामाजी म्हणू लागलो आणि आठवड्यातून दोनदा तरी माझं त्या घरी जाणं होऊ लागलं. तेव्हा कळलं की परातीतले दगड म्हणजे नुसती वानगी होती. माडीवरची एक अख्खी खोली दगडांनी भरलेली होती. टाकळीचे दगड हिरव्या काठाच्या चिंधीत, कामठीच्या खाणीतले पानांचे ठसे असलेले लाल काठाच्या, आणि जिथले कुठले ते आठवत नाही ते सगळे बिनकाठाच्या चिंधीत. ही गाठोडी कधीकधी खाली दुकानातही उतरत. एकदा मौद्याकडची एक बाई मुलीच्या लग्नासाठी हिरव्या काठाचं लुगडं मागायला आली, तेव्हा मामाजींनी मान वर न करता हाताला लागलेलं गाठोडं तिच्यापुढे सरकवलं. तिने ते सोडलं आणि म्हणाली, "मले लुगडं पाह्यजे होतं भाऊ, हे तं पाट्याचं फुटकं दिसते." दुसरा कोणी दुकानदार ओशाळला असता. मामाजींनी तिला बसवून घेतलं, मनूची सगळी गोष्ट सांगितली, शंख दाखवला, आणि शेवटी त्या बाईने दोन लुगडी घेतली ती बहुधा सुटका व्हावी म्हणून.

त्यांच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, प्रलयाच्या आधीचा आणि नंतरचा. वरण थोडं खाली लागलं, की ते ताट किंचित दूर करून विचारत, "हे वरण प्रलयाच्या आधीचं आहे का वं?" सासूबाईही काही कमी नव्हत्या. "हो, आन् तुमी त्याच्याही आधीचे," म्हणून त्या आणखी एक डाव वाढत. गावात कुठे विहीर खणायला घेतली, की मामाजी बोलावणं नसताना तिथे हजर. विहीर कोणाचीही असो, खालून वर आलेलं मातीचं पहिलं घमेलं आधी त्यांच्यासमोर ठेवायचं, असा रिवाजच पडून गेला होता. यजमान पाण्याची वाट पाहत काठावर बसलेला, आणि हे ज्या पाण्याची वाट पाहतात ते येऊन गेल्याला युगं लोटलेली. दोघांच्याही तोंडावर मात्र काळजी सारखीच.

दर रविवारी सायकलला दोन पिशव्या अडकवून ते टाकळीच्या बाजूच्या टेकडीवर जात, आणि घरी आलेला पाहुणा तावडीत सापडला तर त्यालाही नेत. तिथे एक काळा, मध्ये कंबर असल्यासारखा दगड होता. मनूने आपली नाव या दगडाला बांधली होती, असं ते सांगत, आणि दोराने झिजलेली जागा पाहण्यासाठी पाहुण्याला वाकायला लावत. पाहुण्यांमध्ये आमचे वयस्कर काकाही सुटले नाहीत. मामाजींच्या गल्लीतच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक राहत. सौम्य, चष्मा सारखा करत बोलणारे गृहस्थ. ते एकदा म्हणाले, "पण पुराणात तर नाव हिमालयाच्या शिखराला बांधली असं आहे." मामाजी क्षणभरही अडले नाहीत. म्हणाले, "एवढ्या मोठ्या नावेले एक दोर पुरते का, साहेब? मागचा दोर इथं होता."

या प्राध्यापकांची आणि मामाजींची दर रविवारी संध्याकाळी आमच्या सासूबाईंच्या चहावर लढाई होई. प्राध्यापक शांतपणे सांगत की हा सगळा काळा दगड म्हणजे जमिनीतून वर आलेला तप्त रस आहे, तो थिजून असा झाला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला. आणि दोन थरांच्या मधे जो काळ गेला त्या काळातल्या डबक्यातळ्यांत हे शंख राहत होते. मामाजी सगळं ऐकून घेत आणि विचारत, "आग ओकायले तोंड लागते. आपल्या टेकडीले तोंड कुठं आहे? दाखवा, मी आत्ताच्या आत्ता हार मानतो." प्राध्यापक म्हणत, तोंड असं नसतं, लांबच लांब भेगा असतात. "म्हणजे नाही," असं म्हणून मामाजी विजयाने बशीतला चहा संपवत. प्राध्यापकांना राग येत नसे. घरी जाताना ते मला एकदा म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांना पुरावा नको आहे असं नाही. त्यांना पुरावा फार हवा आहे, म्हणून तर पंचाईत आहे."

ते खरं होतं, आणि त्याचं कारण मला सासूबाईंनी सांगितलं. घराणं कोष्ट्यांचं, विणकरांचं. मामाजींचा आजा घरातल्या खड्ड्याच्या मागावर लुगडी विणायचा. तो एकदा टाकळीकडे गेला असताना त्याला शंख असलेला दगड सापडला. बाजाराच्या दिवशी तो दगड हातात घेऊन त्याने चारचौघांत सांगितलं, की इथे एके काळी सगळं जग बुडवणारं पाणी होतं, टेकडीच्या डोक्यावरून गेलेलं. बाजार हसला. तेव्हापासून त्या सरळ माणसाला लोक गप्पी म्हणू लागले. मागावर बसला तरी बाहेरून पोरं विचारत, "बुढ्या, आज पाणी कुठवर आलं?" मामाजी तेव्हा लहान होते, आजाच्या शेजारी बसून त्याला सुताच्या कांड्या भरून देत. आजा उत्तर देत नसे, फक्त धोटा जरा जोराने फेकी. मी एकदा धीर करून मामाजींना याबद्दल विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "माझा आजा खोटं बोलत नव्हता. हे सगळ्यांसमोर एकदा सांगितलं, का मी मोकळा झालो." त्यानंतर मी त्यांच्या दगडांना हसलो नाही, म्हणजे त्यांच्या देखत तरी हसलो नाही.

आणि ती संधी आली. महालातल्या आमच्या गणेशमंडळाचे अध्यक्ष एक वकील होते. मोठे देवभोळे, आणि आवाज असा की कोर्टात उभे राहिले तर बाहेरच्या झाडावरचे कावळे उडावेत. एकदा ते आपणहून दुकानात आले आणि म्हणाले, "बात अशी आहे, का आजकालचे पोट्टे पुराणाले भाकडकथा म्हणून राहिले. तुम्ही यंदा आपल्या गणपतीत व्याख्यान द्या. दगड आणा, शंख आणा, आन् प्रलय साबित करून टाका." मामाजींनी हातातलं लुगडं तसंच खाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी उरलेल्या गिऱ्हाइकांना काय विकलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मंडळाने जाहिरातीचे कागद छापले, 'जलप्रलय : दगडांची साक्ष', आणि ते इतवारीपासून सक्करदऱ्यापर्यंत भिंतींवर लागले. मामाजी पहाटे माडीवर दगडांसमोर उभे राहून व्याख्यानाची तालीम करू लागले. सासूबाई म्हणत, "दगडं आयकून राहिले, तुम्ही बोला."

व्याख्यानाला आठवडा उरला असताना, पोळ्याच्या सुमारास, असा पाऊस लागला की नाग नदी आपलं पात्र सोडून वस्तीत शिरली. एरवी ही नदी म्हणजे ज्याला नदी म्हणायला नागपूरकराला थोडी भीड वाटावी अशी. त्या दिवशी मात्र ती मामाजींच्या दुकानाचा उंबरा ओलांडून आली. मी गुडघाभर पाण्यातून धावतपळत तिथे पोचलो, तर सासूबाई आणि सुमन लुगड्यांचे गठ्ठे माडीवर नेत होत्या आणि मामाजी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून टक लावून पाण्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. "पाहा जवाईबापू," ते म्हणाले, "कसं येऊन राहिलं." मी म्हटलं, "मामाजी, माल भिजतो आहे." ते म्हणाले, "माल दरवर्षी येते. पूर घरी चालत कधी आला होता?" सासूबाईंनी वरून एक गठ्ठा त्यांच्या मांडीवर टाकला तेव्हा कुठे ते उठले.

पाणी ओसरलं आणि दुकानात पोटरीइतका चिखल राहिला. आम्ही खराटे, घमेली घेऊन तयार झालो, तर मामाजी दारात हात पसरून उभे. "हात नका लावू कोणी. हा पुरावा आहे." एवढा ताजा, घरपोच आलेला पूर त्यांना व्याख्यानात वापरायचा होता. पूर कसा थर टाकतो ते चिखलात दाखवायचं, आणि तसाच थर टेकडीत दाखवायचा, की झालं काम. त्यांनी सासूबाईंची पिठाची चाळणी मागितली. ती मिळाली नाही, मग सुमनने एक जुनी शोधून दिली. आणि आमचे सासरे धोतर खोचून आपल्याच दुकानात चिखल चाळत बसले.

पहिल्या दिवशी ते गाणं गुणगुणत होते. दुसऱ्या दिवशी गाणं थांबलं. चिखलात काय नव्हतं? लोटा होता, शेळीचं दावं होतं, कोणाची तरी पाटी, कडुलिंबाच्या फांद्या, विटांचे तुकडे, झेंडूची फुलं, पोळ्याला सजवलेल्या बैलाची झूल, आणि आमच्या प्राध्यापकांची एक वहाण. मोठा दगड वर, रेती खाली, मधेच माती, पुन्हा दगड, कशाला काही धरबंध नाही. नदीतल्या गोगलगाईंचे शंखही होते, पण त्यांचा चुरा झालेला. एकही धड नव्हता. मामाजींनी तो चुरा तळहातावर घेतला आणि माडीवर गेले. हिरव्या काठाचं एक गाठोडं सोडून टाकळीचा दगड आणला, तो दुसऱ्या तळहातावर ठेवला, आणि किती तरी वेळ दोन्ही हात समोर धरून चिखलात बसून राहिले. दगडातला शंख कागदासारखा पातळ होता, तरी त्याचा कंगोरासुद्धा मोडलेला नव्हता. त्याच्या शेजारी मोठे शंख होते, अगदी मोहरीएवढी पिल्लंही होती, सगळी जिथल्या तिथे, मऊ बारीक मातीत निजलेली. विटकर नाही, काटकी नाही, बाहेरचं काही नाही. प्राध्यापक आपली वहाण न्यायला आले, तेव्हा मामाजी त्यांच्याशी भांडले नाहीत. आम्हाला तेवढ्यावरून कळलं की काही तरी बिनसलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सायकलवरून टाकळीला नेलं. रस्त्याच्या खडीसाठी टेकडी एका बाजूने कापलेली होती, आणि पावसाने तो काप स्वच्छ धुऊन निघाला होता. या कापासमोर ते आयुष्यभर येत होते, पण शंख शोधायला. डोळा नेहमी त्या पांढुरक्या पट्ट्यावर. आज ते मागे जाऊन दूर उभे राहिले आणि सगळा काप वरपासून खालपर्यंत पाहू लागले, दुकानात आलेलं लुगडं दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरावं तसे. खाली काळा दगड. त्यावर तो शंखांचा पांढुरका पट्टा. त्यावर काळा दगड. मग विटेसारखी लाल, भाजलेल्या मातीची एक रेघ. आणि तिच्यावर पुन्हा काळा दगड. मामाजी जवळ गेले, त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं आणि हळूच खाली बसले.

"माग थांबला होता, जवाईबापू," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. विणकर सणावाराला, आजारपणाला माग थांबवतो. पुन्हा बसतो तेव्हा कितीही सांभाळून विणलं तरी थांबल्या जागी कापडावर एक आडवी रेघ उमटते. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, विणणाऱ्याला दिसते. आजाच्या लुगड्यावर मामाजी लहानपणी ती बोटाने शोधत आणि सांगत, इथे दिवाळी झाली, इथे तुला ताप आला होता. "एका बैठकीत विणलेलं कापड असं नसते," ते कापाकडे बघत म्हणाले. "हे थांबत थांबत विणलं कोणी तरी. काळा दगड झाला, थांबला. तळं झालं, शंखाची लेकरं झाली, लहानाची मोठी झाली. पुन्हा काळा दगड. मंग ऊन लागलं, माती झाली, तिच्यावर पुन्हा आग आली आन् ती भाजली. पूर असं नाही करत. पूर कसा असते ते मी माझ्या दुकानात पाह्यलं. पूर विणत नाही, पूर उसवते." मग म्हणाले, "प्राध्यापक बरोबर म्हणत होते. पण त्यायले सांगू नका, मीच सांगीन."

घरी आल्यावर सासूबाईंनी सरळ सल्ला दिला. अंग दुखतं म्हणून सांगा आणि व्याख्यान टाळा. मलाही तेच वाटत होतं. जुनं व्याख्यान द्यावं तर ते आता त्यांच्याच लेखी खोटं. खरं सांगावं तर वकिलांचं मंडळ खवळणार, आणि आजाला हसलेला बाजार आता नातवालाही हसणार. ज्या सभेत आजाला खरं ठरवायचं तिथेच त्याला खोटं ठरवायची पाळी आली होती. मामाजी त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मात्र त्यांनी ठेलेवाल्याला बोलावलं आणि हिरव्या काठाची सगळी गाठोडी ठेल्यावर चढवली. सुमनने विचारलं, "बाबा, काय सांगाल?" ते म्हणाले, "साक्षीले बोलावलं आहे. साक्ष देऊन येतो."

रविवारी दुपारी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. पुराची हकिगत गावभर झालेली, त्यामुळे प्रलयाला लोकांनी तुफान गर्दी केली होती. वकीलसाहेबांनी असं प्रास्ताविक केलं की ते ऐकून साक्षात मनूही लाजला असता. मग मामाजी उभे राहिले. धुतलेलं धोतर, काळा कोट, आणि नखांत अजून चिखल. ते म्हणाले, "मी इथं प्रलय सिद्ध करायले येणार होतो. नाही झाला." पुढच्या ओळीत बसलेल्या प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मी सुमनकडे पाहायचं टाळलं.

पण पुढे जे झालं ते आजही मला कालच्यासारखं आठवतं. मामाजींनी एका परातीत दुकानातला चिखल आणला होता. तो त्यांनी लोकांमध्ये फिरवला. ज्याची लोकरी टोपी त्यात निघाली त्याने ती तिथेच मागून घेतली. मग टाकळीचे शंख फिरवले. मग एक जुनं लुगडं उलगडून दोन पोरांना धरायला लावलं आणि माग थांबल्याची रेघ दाखवली. मांडवात अर्धे लोक कोष्ट्यांच्या घरचे. बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "हो बापा, खरं आहे, तिथं हात अडते." तिथे पारडं फिरलं. टेकडी कशी थांबत थांबत झाली हे प्राध्यापकांना पुस्तकाने वर्षानुवर्षं सांगता आलं नव्हतं, ते आता महालातल्या बायका एकमेकींना समजावून सांगू लागल्या.

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. ते उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही चुकून राहिले होते?"

"हो," मामाजी म्हणाले.

"आन् मंडळाने 'दगडांची साक्ष' छापली, त्याचं काय?"

"साक्ष तं देऊनच राहिलो, वकीलसाहेब. साक्षीदार फितूर झाला म्हणा. पण एक सांगा, आपल्याच अशिलाविरुद्ध पुरावा आणणारा वकील तुम्ही कधी पाह्यला का? मी आज तेच करून राहिलो. त्याची फी मंडळानं द्यायले पाह्यजे."

मांडव हसला, आणि हसण्यात वकीलसाहेबही सामील झाले. पण ते हाडाचे वकील, त्यांनी शेवटचा प्रश्न विचारलाच. "मंग पुराण काय खोटं आहे का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि मामाजींनी नेला नाही. ते म्हणाले, "परवा माझ्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा मले वाटलं सगळं जग बुडालं. दोन गल्ल्या पलीकडं लोक वाळलेल्या अंगणात भजी खाऊन राहिले होते. ज्याचं गाव गेलं त्याच्यासाठी जगच गेलं ना. त्यानं तसं सांगितलं. त्याचं रडणं खोटं कसं म्हणू? पण ते रडणं टाकळीच्या दगडात नाही." मग ते आवाज चढवून म्हणाले, "आन् माझा आजा. याच गावात तुमच्या बापआजाले तो सांगत होता, इथं पाणी होतं. तुम्ही त्याले गप्पी म्हटलं. हे शंख पाहा. पाणी होतं. इथं, आपण बसलो त्याच्या बाजूले, तळं होतं. त्यानं पूर वाढवून सांगितला असंन, पण पाणी खरं सांगितलं."

टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो मी त्या मांडवात आरतीनंतरही ऐकला नव्हता. वकीलसाहेबांनी आपल्या गळ्यातला हार काढून मामाजींच्या गळ्यात घातला. प्राध्यापक मंचावर चढले आणि म्हणाले, "मी किती वर्षं हेच सांगत होतो." मामाजी म्हणाले, "तुम्ही सांगत होते. पुरानं दाखवलं." आणि त्यांना कडकडून मिठी मारली. त्यांच्या हातांचा चिखल प्राध्यापकांच्या सदऱ्याला लागला, तो त्यांनी झटकला नाही. पुढच्या वर्षी इतवारीच्या, धंतोलीच्या आणि कामठीच्या मंडळांनी त्यांना बोलावलं. प्रलय झाला नाही हे सांगत ते गावोगाव फिरले, आणि शेवटपर्यंत सगळे त्यांना प्रलयवाले म्हणूनच ओळखत राहिले. त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांच्यासारखं वाजतगाजत हरताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही.

आज ते नाहीत. त्यांची आठवण निघाली की घरी सगळे त्या सभेबद्दलच बोलतात, आणि बोलावंच. मला मात्र सभेनंतरचा परतीचा रस्ता आठवतो. ऊन उतरलं होतं, ठेला पुढे गेला होता, सासूबाई आणि सुमन बायकांच्या घोळक्यात मागे राहिल्या होत्या, आणि आम्ही दोघेच नाग नदीच्या पुलावरून चाललो होतो. गळ्यातला हार अजून तसाच होता. मी भारावून काहीबाही बोलत होतो, लोक कसे उठून उभे राहिले, म्हातारी कशी बोलली. ते हूं हूं करत होते. पुलाच्या मधोमध ते थांबले. खाली नदी पुन्हा आपल्या बेताने, घोट्याएवढी वाहत होती.

"आजांना लोकांनी टाळ्या दिल्या आज," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. मग नदीकडे बघत, "पण त्याले तळं नव्हतं पाह्यजे हो, जवाईबापू. तो मागावर बसून मले सांगे, तेव्हा पाणी आभाळाले लागलेलं राहे."

"पाणी तर होतं ना, मामाजी."

"होतं," ते म्हणाले. "लहान होतं."

त्यांनी हार काढून हातात घेतला. मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली. मीही कठड्याला टेकून त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आणि घरच्या बायका मागून येईपर्यंत आम्ही तसेच पाण्याकडे बघत राहिलो.